चार्जच्या यादीत नसलेली गोष्ट

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : एका रुग्णालयात सापडलेली सुरक्षित पद्धत दुसऱ्या रुग्णालयापर्यंत पोहोचवण्याबाबत

महोदय,



शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू होऊन मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. सर्जिकल वॉर्ड, लेबर रूम, अपघात विभाग आणि शेवटी नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, ज्याला आम्ही सगळे एसएनसीयू म्हणतो, इथे माझी नोकरी झाली. हे पत्र दोन विभागांना एकत्र लिहिते आहे, कारण माझी तक्रार दोन विभागांच्या, दोन रुग्णालयांच्या आणि पुष्कळदा एकाच इमारतीतल्या दोन वॉर्डांच्या मधल्या भिंतीबद्दल आहे. अलीकडे जे कळते ते पलीकडे पोहोचत नाही आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात.

रिक्त पदे, अपुरी औषधे, बंद पडलेली यंत्रे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते खरे आहे. रात्रपाळीला एका सिस्टरच्या गळ्यात सगळा वॉर्ड असतो, तेव्हा तिला सुरक्षिततेचे धडे कोणत्या तोंडाने द्यायचे, हे मलाही कळत नसे. पदे भरलीच पाहिजेत. पण या पत्रात मी जे मागते आहे त्याला टेंडर लागत नाही, नवी इमारत लागत नाही, म्हणून ते वेगळे लिहिते.

आधी एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते समजले की बाकीचे पत्र समजेल.

पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन बहुतेक वॉर्डांत असते. दहा मिलिलिटरची ॲम्प्युल, त्यात 15 टक्के द्रावण. जुलाब-उलट्यांनी ज्याचे पोटॅशियम उतरले आहे, त्याला ते सलाईनच्या बाटलीत मिसळून तासन्तास हळूहळू द्यायचे असते. तेच पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते आणि मग फार वेळ हातात राहत नाही. आता या ॲम्प्युलच्या शेजारी, त्याच ट्रेमध्ये, तेवढ्याच उंचीची आणि तशीच पारदर्शक डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्युल उभी असते. अँटिबायोटिकची पावडर आम्ही त्यात विरघळवतो. नाव दोन्हींवर छापलेले असते, पण बारीक अक्षरांत, आणि खरेदीत कंपनी बदलली की शाईचा रंगही बदलतो. पहाटे तीन वाजता, लाईट गेलेली असताना, एका हाताने रडणारे मूल धरून दुसऱ्या हाताने ॲम्प्युल उचलणाऱ्या मुलीने ती अक्षरे प्रत्येक वेळी वाचावीत, यावर आपली सगळी भिस्त.

मी काम केलेल्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी यावर आपल्यापुरता उपाय काढला. पोटॅशियमच्या सगळ्या ॲम्प्युल त्यांनी ट्रेमधून उचलल्या आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातल्या. डब्यावर पांढरी स्टिकिंगची पट्टी आणि लाल मार्करने तीन शब्द : "बाटलीत मिसळूनच द्या". डबा गेला कुलपाच्या कपाटात, गुंगीच्या औषधांच्या शेजारी. किल्ली पाळीच्या सिस्टरकडे. ॲम्प्युल फोडण्याआधी दोघींनी नाव मोठ्याने वाचायचे. दुसरी कोणी नसेल तर नर्सिंगची विद्यार्थिनी चालेल, पण वाचायचे दोघींनीच. सलाईन लागेपर्यंत फोडलेली ॲम्प्युल किडनी ट्रेमध्येच राहील, कचऱ्यात जाणार नाही. खर्च काही नाही. डबासुद्धा त्यांनी घरून आणला होता.

शेजारच्या सर्जिकल वॉर्डात हे कोणाला ठाऊक नव्हते. तिथे एकदा एका विद्यार्थिनीने पावडर विरघळवायला घेतलेली ॲम्प्युल पोटॅशियमची निघाली. फोडण्याआधी दुसऱ्या मुलीचे लक्ष गेले आणि निभावले. रुग्णाला काहीच झाले नाही, म्हणून कुठे काहीच लिहिले गेले नाही. लिहिले असते तर पहिला कागद निघाला असता तो त्या विद्यार्थिनीच्या नावाचा मेमो. पुढे त्या इन्चार्ज सिस्टरची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. चार्ज देताना बेडशीट, कात्र्या, बीपीची मशीन, ऑक्सिजनचे फ्लोमीटर सगळे मोजून, सह्या घेऊन दिले गेले. डब्याचा नियम कोणत्या रकान्यात लिहिणार? नव्या सिस्टर हुशार होत्या, मेहनती होत्या, पण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. थोड्याच दिवसांत ॲम्प्युल पुन्हा ट्रेमध्ये आल्या. ये रे माझ्या मागल्या.

इंग्लंडमध्ये 2001 साली राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा संस्था निघाली. 2002 साली तिने देशभरातल्या रुग्णालयांना पहिला इशारा काढला, तो नेमका याच इंजेक्शनचा होता : तीव्र पोटॅशियम साध्या वॉर्डांतून काढा, वेगळे कुलपात ठेवा, जमेल तिथे आधीच पातळ केलेल्या बाटल्या वापरा. आमच्या सिस्टरनी तो इशारा वाचलेला नव्हता. जगात ज्याला शहाणपण म्हणून मान्यता मिळाली, ते त्यांना तालुक्याच्या पातळीवर, स्वतःच्या अनुभवातून सुचले होते. महोदय, अशा सिस्टर, असे फार्मासिस्ट, असे वैद्यकीय अधिकारी तुमच्या प्रत्येक रुग्णालयात आहेत. त्यांची माहिती तुमच्याकडे नाही आणि एकमेकांची माहिती त्यांच्याकडे नाही. माझी पहिली तक्रार ही आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. चांगली पद्धत पोहोचत नाही हे एक वेळ समजून घेता येईल, पण माणसे मेली तरी त्यातून शिकलेले पोहोचत नाही, हे समजून घेता येत नाही.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला आग लागली. 17 बाळे आत होती. सात वाचली, दहा गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि किमान 22 रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. आणि भंडाऱ्याला दहा महिने होताहेत तोवर, 6 नोव्हेंबरला, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. त्या दिवशी 11 जण गेले. त्यानंतर दोनच दिवसांत भोपाळला बाळांच्या कक्षात आग लागली, आणि 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री झाशीला. तिथेही त्या रात्री दहा नवजात बाळे गेली, भंडाऱ्याइतकीच.

एसएनसीयूत काम केलेल्या कोणालाही विचारा, तिथे आग कशी लागते हे ती सांगेल. वॉर्मर, फोटोथेरपीचे दिवे, सिरिंज पंप, मॉनिटर, एसी, सगळे चोवीस तास चालू. कक्ष बांधताना विजेचा जो भार धरलेला असतो, त्यावर दरवर्षी नवी यंत्रे चढतात. मग सॉकेट कमी पडतात आणि एक्स्टेन्शन बोर्ड येतो. ऑक्सिजनमुळे आतली हवा आगीला पोषक. भोवती कापूस, दुपटी, प्लॅस्टिकच्या नळ्या. संसर्ग नको म्हणून खिडक्या बंद आणि येण्याजाण्याला बहुधा एकच दार. यातल्या काही गोष्टी बदलायला इंजिनिअर लागतो. काहींना फक्त सवय लागते. आम्ही पाळी बदलताना प्रत्येक प्लग आणि बोर्ड हाताच्या उलट्या बाजूने चाचपायचो. कोमट लागला तर यंत्र दुसऱ्या सॉकेटवर आणि वायरमनला फोन, तोही वहीत वेळ टाकून. ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कोण बंद करणार, हे ड्युटीवरच्या मावशीलासुद्धा माहीत असायचे. कोणती बाळे कोणी उचलायची हे पाळीच्या सुरुवातीला ठरायचे. परदेशात खिशांचे एप्रन मिळतात, ते घातले की एकाच माणसाला चार बाळे अंगावर घेऊन बाहेर पडता येते. गावातला शिंपी तसा एप्रन शिवू शकेल.

भंडाऱ्यानंतर आमच्याकडे फायर एक्स्टिंग्विशर आले, फॉर्म भरून घेतले गेले, दारावर बाणांची चित्रे लागली. पण तिथे त्या रात्री नेमके काय झाले, आधी काय दिसले होते, कोण काय करू शकले असते आणि का करू शकले नाही, हे साध्या मराठीत सांगणारे एक पान आमच्या नर्सिंग स्टेशनवर कधी आले नाही. आम्हाला जे कळले ते टीव्हीवरून. चौकशी समितीचा अहवाल शासनाला जातो. ज्यांच्या हातात उद्याचे वॉर्मर आहेत त्यांना तो कोण वाचून दाखवणार? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण पुढच्याला ठेच लागली हे मागच्याला दिसले पाहिजे ना!

आणि इथेच ती भिंत आडवी येते. भंडारा आणि नगरची रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाची. नाशिकचे महापालिकेचे. विरारचे खासगी. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, कामगार विमा योजनेची आणखी वेगळ्यांकडे. प्रत्येकाचे परिपत्रक आपापल्या नळीतून वरून खाली येते. आडवे काहीच जात नाही. खेड्यातून सिव्हिलला आणि सिव्हिलमधून मेडिकल कॉलेजला रेफर झालेल्या बाईला मात्र आपण कोणत्या विभागाच्या खाटेवर आहोत हे माहीत नसते, आणि असण्याचे कारणही नाही.

तिसरी तक्रार भीतीची. भंडाऱ्याच्या प्रकरणात परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरच्या प्रकरणात एका डॉक्टरना आणि तीन परिचारिकांना अटक झाली. त्या खटल्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही, ते न्यायालयाचे काम आहे. ज्या आईचे बाळ गेले तिला उत्तर मिळालेच पाहिजे आणि हेतुपुरस्सर हयगय करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण या अटकांतून राज्यातल्या बाकीच्या परिचारिका काय शिकल्या, ते मी तुम्हाला सांगते. त्या शिकल्या की काहीही लिहून ठेवू नये. बोर्ड गरम लागला असे वहीत लिहिले तर उद्या तीच वही पुरावा होईल : तुला माहीत होते, मग तू काय केलेस? रिपोर्ट बुकात "विशेष काही नाही" लिहिणे सगळ्यांत सुरक्षित, असे जुन्या सिस्टर नव्यांना शिकवतात. सुरक्षित म्हणजे सिस्टरसाठी. रुग्णाला त्याचा काही उपयोग नाही.

या भीतीवर जगात उपाय झालेले आहेत. डेन्मार्कमध्ये 2004 पासून कायदाच आहे : रुग्णालयात घडलेली किंवा थोडक्यात टळलेली चूक कर्मचाऱ्याने कळवली, तर त्या कळवण्यावरून त्याच्यावर कारवाई होत नाही. चौकशी आणि शिक्षा यांची वाट वेगळी, शिकण्याची वाट वेगळी. हे परदेशातले म्हणून बाजूला ठेवायचे असेल तर केरळकडे पाहा.

केरळमध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 पासून शासनाच्या सहकार्याने मातामृत्यूंचे गोपनीय परीक्षण सुरू केले. बाळंतपणात आई दगावली की, रुग्णालय शासकीय असो वा खासगी, तिच्या केसपेपरची प्रत नावे काढून परीक्षकांकडे जाते. बाई कोण, डॉक्टर कोण, रुग्णालय कोणते, हे पाहणाऱ्यांना कळत नाही, आणि त्यांना ते कळायला नकोच असते. कुठे उशीर झाला, कोणते लक्षण दिसूनही निसटले, रक्त कधी मागवले आणि कधी आले, एवढेच ते शोधतात. मग त्याची पुस्तके निघतात, डॉक्टर आणि परिचारिका एकत्र बसून रक्तस्रावाचे, झटक्यांचे प्रसंग प्रत्यक्ष करून सराव करतात. या कामाचे एक प्रमुख, डॉ. व्ही. पी. पैली, यांनी रक्तस्राव थांबवायला साधी उपकरणेही तयार केली, आणि ती शिकवायला ते आणि त्यांचे सहकारी रुग्णालयांत जात राहिले. 2018-20 च्या नमुना नोंदणीनुसार केरळमध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 19 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33, देशात 97. आपला आकडाही चांगला आहे, आणि केरळची आघाडी केवळ या परीक्षणामुळे आहे असे मी म्हणणार नाही. तिथले शिक्षण, रस्ते, दवाखान्यांचे जाळे सगळे त्यात आहे. पण तिथला डॉक्टर आपला कागद स्वतःहून पाठवतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आपल्याकडेही मातामृत्यूचे परीक्षण होते. केंद्राच्या 2010 च्या आणि पुढे 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समित्या आहेत, जिल्हाधिकाऱ्यांसमोर बैठक होते. सूचनांमध्येही स्पष्ट लिहिले आहे की उद्देश दोषी शोधण्याचा नाही. पण त्या बैठकीत बसलेली माणसे पाहिली आहेत का? प्राथमिक आरोग्य केंद्राची एएनएम हातात रजिस्टर घट्ट धरून, पहाटेची एसटी पकडून आलेली असते. बाईला वेळेत का पाठवले नाही, असे तिला भर बैठकीत विचारले जाते. रुग्णवाहिका दुसऱ्या खेपेला गेली होती, हे ती सांगते. ते कोणी लिहून घेतले तर घेतले. बैठक संपते, केस बंद होते. शेजारच्या जिल्ह्यात पुढच्याच महिन्यात रुग्णवाहिका तशीच दुसऱ्या खेपेला गेलेली असते.

चौथी गोष्ट थोडक्यात. जी चांगली पद्धत वरून येते, ती आमच्यापर्यंत कागद होऊनच येते. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायची जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची यादी तुम्हाला माहीत असेल. जगातल्या आठ शहरांत तिची चाचणी झाली, त्यात नवी दिल्लीही होती. 2009 साली निष्कर्ष छापून आले : मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर, गुंतागुंती 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर. त्या यादीचा जीव एका क्षणात आहे. चीर देण्याआधी सगळे थांबतात, रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया, जागा मोठ्याने बोलतात, आणि टेबलाभोवतीचा प्रत्येक जण आपले नाव आणि काम सांगतो. एकदा नाव सांगितलेल्या मुलीला पुढे "सर, एक गॉज कमी आहे" म्हणायला धीर येतो. आपल्याकडे अनेक ओटींत ही यादी शस्त्रक्रिया संपल्यावर, केसपेपर पूर्ण करताना, सर्वांत ज्युनिअर सिस्टर एका दमात टिक करून टाकते. तपासणीत पूर्ण गुण मिळतात. ज्या रुग्णालयांत हे मनापासून होते, तिथल्या सर्जननी ते कसे रुजवले, पहिल्या महिन्यात कोण चिडले, कोणाची समजूत कशी काढली, हे ऐकायला मिळाले असते तर दुसऱ्यांना उपयोग झाला असता. यादी सगळीकडे गेली, हा अनुभव कुठेच गेला नाही.

कायाकल्प योजनेने 2015 पासून रुग्णालये स्वच्छ झाली, हे मी मोकळेपणाने मान्य करते. लक्ष्य कार्यक्रमामुळे लेबर रूम सुधारल्या. बक्षिसे मिळाली. पण पहिल्या आलेल्या रुग्णालयाकडून सत्तराव्या आलेल्या रुग्णालयाने काय घ्यायचे, याची सोय कुठे झाली नाही. स्पर्धा असली की माणूस आपली युक्ती जपून ठेवतो.

आता मागण्या.

पहिली मागणी : सगळ्या रुग्णालयांसाठी, विभाग कोणताही असो, एकच जागा करा जिथे टळलेली चूक, घडलेली चूक आणि सापडलेली चांगली पद्धत, तिन्ही कळवता येतील. खासगी रुग्णालयांना स्वेच्छेने येऊ द्या. ही जागा आपल्या दोन्ही विभागांच्या आस्थापना शाखेत नको, कारण जिथून बदली आणि मेमो निघतो तिथे कोणी खरे लिहिणार नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याला योग्य वाटते. राज्यातली वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत आणि सिस्टरच्या गोपनीय अहवालावर त्याची सही नसते. हे अगदी नवे नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा 2010 पासून देशात आहे, रक्तसंक्रमणातल्या त्रासांसाठी 2012 पासून, वैद्यकीय उपकरणांसाठी 2015 पासून. वॉर्मरमधला बिघाड तिथे कळवता येतो, हे एसएनसीयूतल्या किती जणींना कोणी सांगितले आहे? केंद्राने 2018 ते 2025 साठी रुग्ण सुरक्षेचा राष्ट्रीय आराखडाही केला होता. चुका कळवण्याची आणि त्यातून शिकण्याची व्यवस्था हे त्यातले एक प्रमुख उद्दिष्ट होते. आराखड्याची मुदत संपली. वॉर्डात त्याची प्रत मी पाहिली नाही.

दुसरी मागणी संरक्षणाची, आणि ती पहिलीशिवाय निरुपयोगी तशीच पहिली हिच्याशिवाय. एक शासन निर्णय काढा : जी घटना कर्मचाऱ्याने स्वतःहून ठरलेल्या मुदतीत कळवली, त्या कळवण्याच्या आधारे खातेनिहाय कारवाई होणार नाही. नशेत काम, जाणूनबुजून केलेली इजा, नोंदी बदलणे हे त्यातून वगळा. ते वगळलेच पाहिजे. आणि रुग्णाला इजा झाली असेल तर नातेवाइकांना खरे सांगणे याच निर्णयात सक्तीचे करा. कर्मचाऱ्याला अभय देताना नातेवाइकांपासून काही लपवले, तर या सगळ्यावरचा लोकांचा विश्वास उडेल, आणि उडणे रास्तच ठरेल.

तिसरी मागणी चार्जच्या यादीची. बदलीच्या वेळी सामानाची यादी देतो, तिला एक पान जोडा : "या वॉर्डात सुरक्षिततेसाठी आम्ही काय करतो आणि का." "का" सर्वांत महत्त्वाचे. कारण कळले नाही तर नवी सिस्टर पहिल्या गडबडीत ती पद्धत मोडेल आणि तिचा दोष नसेल. नव्या इन्चार्जनी त्यात बदल केला तर तोही कारणासह लिहावा.

चौथी, माझ्या मते सर्वांत फळ देणारी. परिचारिकांना एकमेकींच्या वॉर्डात जाऊ द्या. तपासणीला नको. तपासणी पथक येणार म्हटले की आम्ही चादरी बदलतो, रजिस्टरे भरतो आणि जे अडते आहे ते कपाटामागे सारतो. मी सांगते आहे ती भेट वेगळी आहे. धाराशिवच्या एसएनसीयूतल्या दोन सिस्टर आठवडाभर ठाण्याच्या एसएनसीयूत ड्युटी करतील, पुढच्या वेळी ठाण्याच्या दोघी इकडे येतील. हातात गुणपत्रिका नसेल. ड्युटी म्हणून जाऊ द्या, प्रवासभत्ता वेळेवर द्या, त्यांच्या जागी बदली माणूस द्या. परत आल्यावर एकच विचारा : तिथले काय इथे आणाल, आणि त्यासाठी आमच्याकडून काय हवे? महिन्याच्या आढावा बैठकीत लक्ष्यांकांच्या तक्त्याआधी यासाठी पंधरा मिनिटे ठेवा. जिल्हा शल्यचिकित्सकांनी ते स्वतः ऐकावे. सिस्टरचे म्हणणे सीएस ऐकून घेतात, ही बातमी रुग्णालयात फार लवकर पसरते.

हे होऊ शकते, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी राहिली. आज ती कल्पना किती तरी रुग्णालयांत पोहोचली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले, बाळांचे मृत्यू कसे घटले ते मोजून 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले, आणि 2011 पासून तेच काम देशभरातल्या आशांच्या हाती आले. रुग्णालयात बाळंतपण झाले की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरभेट, हे आकडे आज कोणत्याही आशाताईला झोपेतून उठवून विचारा. गडचिरोलीच्या खेड्यातली पद्धत देशभर गेली, कारण कोणीतरी ती नीट लिहिली, परिणाम मोजले, आणि शासनाने प्रशिक्षण, साहित्य आणि मोबदला यांची सोय केली. या साखळीतली एकही कडी नसती तर ती तिथेच राहिली असती, आमच्या सिस्टरच्या डब्यासारखी.

नातेवाइकांनाही यात घ्या. आपल्या वॉर्डांत रुग्णाला अजूनही खाटेच्या नंबरने ओळखतात. जागा कमी पडली की दोन रुग्णांच्या खाटा बदलतात आणि नंबर चुकीच्या माणसाला जाऊन बसतो. इंजेक्शन देताना रुग्णाला स्वतःचे पूर्ण नाव सांगायला लावावे, आणि "हे कशाचे इंजेक्शन?" असे नातेवाइकाने विचारले तर त्याच्यावर खेकसू नये, एवढी एक सूचना प्रत्येक वॉर्डाच्या दारावर मराठीत लागली तरी पुष्कळ होईल.

17 सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन. त्या दिवशी रांगोळ्या, पोस्टर आणि शपथ होते. येत्या 17 सप्टेंबरला प्रत्येक रुग्णालयातून एक टळलेली चूक आणि एक चाललेली पद्धत, नावाशिवाय, त्या एका ठिकाणी यावी आणि महिन्याभरात त्यांतल्या निवडक गोष्टी सगळ्यांना परत जाव्यात, असे करता येईल का? सुरुवात पोटॅशियमच्या ॲम्प्युलपासून करा. एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरांत, नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावता येईल असे. त्यावर धोका काय, ॲम्प्युल कुठे ठेवायची, फोडण्याआधी दोघींनी काय वाचायचे, आणि शंका आली तर रात्रीसुद्धा फोन कोणाला करायचा, एवढेच असावे. ते जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात, महापालिकेच्या दवाखान्यात एकाच दिवशी जावे. मसुदा करायला वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर हव्या असतील तर मी नावे सुचवू शकते, आणि मला बोलावलेत तर मीही येईन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका